विळीवर कापलेला किपर

"आदी पाठ दाखव."

मामांच्या हातात काहीही द्या, हे ठरलेलं. लग्नपत्रिका दिली तर गणपती बघायच्या आधी उलटी करणार. पेढ्यांचा बॉक्स दिला तर पेढा नंतर, खोक्याचं बूड आधी. माझ्यासाठी मुली बघायचं चाललं होतं तेव्हा आईने मोठ्या कौतुकाने एका मुलीचा फोटो त्यांच्या हातात ठेवला. मामांनी तोही पालथा केला, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "कागद एक नंबर हाय." आईने पुढे बरेच दिवस त्यांना चहा विचारला नाही.

चौक गावात, जुन्या हायवेला माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. बाजूला गॅरेज, समोर ढाबा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी नकला करतो. सरपंच, ढाबेवाला, एसटीचा कंडक्टर, गॅरेजमधला पान खाऊन बोलणारा मिस्त्री. एकदा गणपतीत स्टेजवर खुद्द मामांचीच नक्कल केली. मामा पहिल्या रांगेत. अख्खा मांडव हसतोय, मामा मान तिरकी करून नीट बघतायत. खाली उतरलो तर म्हणाले, "बरा करतोस रं. पन कडा लय सरळ आल्या. खरा मानूस एवडा साफ नसतो."

माझ्या नकलेला असा मार्क आजवर कोणी दिला नव्हता.

ते कोणाचेही मामा नव्हते. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, ढाब्याची जागा त्यांचीच. मुलगी पनवेलला दिलेली, मामी गेलेल्या. अंगात कायम बिस्किट रंगाचा सफारी आणि काखेत स्टीलचा चपटा डबा. नवीन माणसाला वाटायचं डब्यात पोळीभाजी असेल. उघडला की डांबरगोळ्यांचा भपकारा, आणि आत क्रिकेटची कार्डं.

तुमच्यातल्या ज्यांचे केस आता पांढरे व्हायला लागलेत त्यांना आठवत असेल. पूर्वी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या मागच्या बाजूला खेळाडूंची चित्रं छापलेली असायची. शेजारी शेजारी दोन. मधे ठिपक्यांची रेघ आणि रेघेवर छोटीशी कात्री काढलेली, म्हणजे इथे कापा. ज्यांच्या घरी कॉर्नफ्लेक्स यायचे त्यांच्या घरी कात्रीही असायची. मामांच्या घरी दोन्ही नव्हतं. त्यांचे वडील माथेरानला एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. पाहुण्यांनी खाऊन संपवलेली रिकामी खोकी ते पायवाटेने चौकात उतरताना पिशवीतून घेऊन यायचे. मामा म्हणायचे, "कॉनफ्लेक लागतो कसा, त्ये मला लगीन झाल्यावर समजला. बेचव असतो."

आता अशी जुनी कार्डं जमवणारे लोक आहेत, त्यांचे मोबाईलवर ग्रुप आहेत, आणि जिथे ग्रुप आहेत तिथे बनवाबनवी आलीच. नेटवरून चित्र उतरवायचं, व्हिजिटिंग कार्डाच्या जाड कागदावर छापायचं, जुनं दिसावं म्हणून चहात बुडवून वाळवायचं. ग्रुपवर कोणीतरी असं कार्ड टाकलं की मामा माझ्या दुकानात येणार, माझ्या काँप्युटरवर फोटो मोठा करायला लावणार. "पाठ कुटाय? पाठ टाकायला सांग त्याला." खऱ्याची पाठ म्हणजे खोक्याची आतली बाजू, करडा कोरा पुठ्ठा. खोट्याची पाठ पांढरी, नाहीतर चहाची. "ह्याला पावशेर साखर बी टाकलीय," मामा म्हणायचे.

पण गंमत पुढे आहे. कार्ड खरं निघालं तरी ते घ्यायचे नाहीत. मुंबईचा एक जण मुद्दाम गाडी वळवून दुकानात आला. विकेटकिपरचं कार्ड, कोपरे शाबूत, रंग काल छापल्यासारखा, पाठ करडी. मामांनी एकच कड बघितली आणि परत दिलं.

"ह्यो आपला नाय."

"अहो ओरिजिनल आहे," तो म्हणाला.

"वरिजिनल हाय. पन आपला नाय."

तो गेल्यावर मी मामांच्याच आवाजात सुरू झालो. "ह्यो आपला नाय, त्यो बी आपला नाय. मामा, किपर घ्यायचाय का जावई?"

मामा हसले नाहीत. डबा उघडला, सगळ्यात खालून एक कार्ड काढलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं. फिरकी बॉलर. डावी कड बरी. उजवी कड बघून मला वाटलं उंदराने खाल्लीय. वर एक लाट, मधे खड्डा, खाली परत लाट. बोट फिरवलं तर कड तिरपी लागली, तासल्यासारखी.

"विळीवर कापलाय," मामा म्हणाले. "आईनं म्हावरा कापायला घेटलेली, तिला उठवून दादूसनं विळी घेटली. दोन्ही हातानं खोका धरून पात्यावर ढकलला. आई बोंबलतेय, बोटं जातील रं मेल्या. ह्यो कापतोय."

दादूस म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. हे मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं दुकानात बसून चहा प्यायलेल्या माणसाला भाऊ होता, हे चौकात कोणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

त्या खोक्यावर दोघं होते, फिरकीवाला आणि किपर. दादूस शाळेच्या टीममध्ये किपर, म्हणून किपर त्याचा. फिरकीवाला मामांचा. त्याच हंगामात वडिलांनी दादूसला हॉटेलात कामाला नेलं. जाताना त्याने किपर शर्टाच्या खिशात घातला. पावसाळा आला, हॉटेलं बंद झाली, माणसं खाली उतरली. दादूस वडिलांच्या आधीच निघाला होता म्हणे. तो घरी आलाच नाही. कोणी म्हणालं एका पाहुण्यांच्या फॅमिलीबरोबर मुंबईला गेला. कोणी म्हणालं धुक्यात वाट चुकला, कड्यावरून गेला. दोराने खाली उतरून शोधलं. काही सापडलं नाही.

"म्हंजी बघ," मामा फिरकीवाल्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "किपर जर गावला, आन त्याची कड हिला बसली, तर त्यो दादूसचाच. मग त्याची कंडिशन बघायची. भिजलेला, कुजलेला असला, तर दादूस दरीत गेला. कोरडा असला, तर दादूस कुटंतरी पोचला."

लोक कार्डाची कंडिशन किंमत ठरवायला बघतात. हा माणूस भाऊ मेला की जगला ते बघणार होता.

माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, "आणि मामा, कोरडा निघाला, तर मग तो परत का नाही आला?"

मामांनी कार्ड उचललं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "त्येच तर," म्हणाले. "दोन्ही बाजूंनी वाईटच हाय. पन एक बाजू ठरली म्हंजी झोप लागंल."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एक विचित्र मागणी केली. दुकानात आम्ही दोघंच होतो, बाहेर ट्रकचे हॉर्न चालू.

"तू सगळ्यांचा आवाज काढतोस. दादूसचा काढशील?"

"मामा, मी ऐकलाच नाही तर काढू कसा?"

"मी सांगतो ना. माझा आवाज घे. त्याच्यात जरा नाक टाक. आन शबुद संपताना वर न्यायचा, हाक मारल्यागत."

मी केलं. "बारक्या, ए बारक्याऽ, विळी दे इकडं." मामा म्हणाले, नाक जास्त झालं. कमी केलं. म्हणाले, घाई नको, त्यो सावकाश बोलायचा. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मामांचा चहाचा ग्लास हातातच राहिला. चेहरा एकदम लहान मुलासारखा उघडा पडला. मला माझ्याच तोंडाची भीती वाटली. तिथे एक माणूस आला होता आणि तो माझ्या गळ्यातून बोलत होता.

मामा म्हणाले, "डुप्लिकेट हाय." मग ग्लास खाली ठेवून, "पन छपाई बरी हाय."

परत कर, असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही केलं नाही. पण कधीकधी शटर ओढताना तो आवाज आपोआप जिभेवर यायचा, आणि मी पटकन सरपंच करायचो.

मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर एक फोटो आला. कर्जतचा एक पोरगा, भंगारवाल्यांकडून जुनी कार्डं, तिकिटं, काडेपेट्या घेऊन विकतो. फोटोत किपर होता. पोराने कार्ड चिमटीत धरून फोटो काढलेला, त्यामुळे डाव्या कडेच्या खालच्या अर्ध्यावर त्याचा अंगठा. पण वरचा अर्धा भाग स्पष्ट दिसत होता. वर एक खड्डा, मग बाहेर लाट.

मामांनी "पाठ दाखव" म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसले फक्त.

मी फोटो कार्डाच्या मापाचा करून प्रिंट मारली. कात्रीने त्या कडेवरून हळूहळू कापली. मामांनी फिरकीवाला काढून तिच्या डावीकडे ठेवला आणि बोटाने सरकवला. लाटेत खड्डा, खड्ड्यात लाट. वरचा अर्धा भाग असा बसला, जसे दोघं कधी वेगळे झालेच नव्हते. खाली मात्र अंगठा.

"अर्दा बसला," मामा म्हणाले.

"मामा, हाच आहे."

"अर्दा हाय. अर्दा अंगठ्याखाली हाय." पण त्यांचा आवाज जाग्यावर नव्हता. मी पोराला मेसेज टाकला, दुसरा फोटो आहे का? नव्हता. उद्या सकाळी या म्हणाला, कार्ड ठेवतो तुमच्यासाठी.

सकाळी माझ्या बाईकवर निघालो. मामा मागे, डबा दोघांच्या मधे. रस्ताभर त्याची कड माझ्या पाठीत रुतत होती. मी गप्प बसावं म्हणून नकला करत होतो, म्हणजे माझं डोकं गप्प बसावं म्हणून. मामा ऐकत नव्हते.

पोरगा चांगला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आईला पोहे टाकायला सांगितले. मग कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड काढून दोन्ही हातांनी मामांना दिलं.

"काका, तुम्ही एवढ्या लांबून येणार, म्हणून नीट करून ठेवलंय. एक साइड फार वाकडीतिकडी होती. पट्टी लावून कटरने सरळ मारली. आता बघा कंडिशन."

किपरची डावी कड सरळ होती. आरशासारखी.

मामांनी कार्ड पाकिटातून काढलं. फिरकीवाल्याच्या शेजारी ठेवलं. लाटेसमोर भिंत.

"कापलेला भाग कुटाय?" मामांनी विचारलं. अगदी हळू.

"तो? कचऱ्यात टाकला."

"कचरा कुटाय?"

पोरगा गोंधळला. घंटागाडी आत्ताच गेली म्हणाला. मी तसाच चपला न घालता रस्त्यावर धावलो. कोपऱ्यापर्यंत गेलो, पुढच्या नाक्यापर्यंत गेलो. गाण्याचा आवाज लांबून येत होता, कुठल्या गल्लीतून ते समजेना. मग तोही थांबला. परत आलो तेव्हा पोह्यांच्या बशा तशाच होत्या आणि पोरगा रडवेला होऊन म्हणत होता, "काका, माझं चुकलं का काही? सगळे सरळच मागतात ओ."

मामा म्हणाले, "नाय रं बाबा. तू नीटच केलंस."

मामा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी कार्ड उलटं केलं. पाठ करडी. कोरडीठाक. पाण्याचा एक डाग नाही, बुरशी नाही. फक्त चार कोपऱ्यांवर बारीक खरबरीत ठिपके, आणि ठिपक्यांभोवती कसर लागून पुठ्ठा खाल्लेला. आपल्याकडे गोंद नसला की भाताचं शीत बोटाने चेपून कागद चिकटवतात, त्याचे ते डाग. कोणीतरी हा किपर चार शितांनी भिंतीला लावला होता, आणि कसर लागेपर्यंत तो तिथे होता.

"शीत तर काय, सगळेच लावतात," मामा स्वतःशीच म्हणाले. मग पोराला विचारलं, "तुला गावला कुटं?"

पळसदरीला एका खोलीतला भाडेकरू वारला होता. मालकिणीने सामान भंगारात काढलं, त्यात एक पत्र्याची पेटी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला हे कार्ड.

पळसदरी. तुम्हाला माहीत आहे कर्जतहून किती लांब आहे. चहा पिऊन निघालं तर तोंडातली चव जायच्या आत पोचतो.

मालकीणबाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या. खोली मागच्या बाजूला. आतून नुकतीच रंगवलेली, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायची म्हणून. पिस्त्याच्या रंगाची भिंत, नवीन ट्यूबलाइट, फरशी अॅसिडने घासलेली. नाक लावलं तरी रंगाशिवाय वास नाही.

"कोन व्हता म्हंजी, आचारी व्हता," बाई सांगू लागल्या. "बंगल्यांवर जेवन करायचा, पार्ट्या असल्या की. लय वर्सं ऱ्हायला. एकटाच. नाव सांगितलेला कायतरी, पन अख्खा गाव आचारीच म्हनायचा. त्योबी ओ द्यायचा."

"गाव कुठलं सांगायचे?" मी विचारलं.

"इचारला की म्हनायचा, हितलाच. हितला म्हंजी कुटला, तर हसायचा."

"फोटो?"

"फोटू कशाला काडतोय आमी त्याचा?"

"वय केवडा असंल?" मामांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमच्याएवडाच. जरा मोटाच." मग शेवयांवरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "तुमी त्याचे कोन?"

तिकडे कोंबड्या शेवयांजवळ आल्या, बाईंनी त्यांना हाकललं.

"मलाबी त्येच इचारायचा व्हता," मामा म्हणाले.

परत येताना डबा मधे नव्हता. त्यांनी तो छातीशी धरला होता. चौकात उतरताना एवढंच म्हणाले, "पायी गेलो असतो तरी दुपारच्याला पोचलो असतो रं." आणि घरी गेले.

नंतर ते दुकानात यायचे कमी झाले. मग बंदच झाले. पनवेलहून मुलीचा फोन आला, बाबांनी पळसदरीला खोली भाड्याने घेतलीय, तुम्ही समजवा. मी म्हटलं समजावतो. समजावायला काय आहे ते मला माहीत नव्हतं. चौकातले लोक मला म्हणतात, कर की रे मामांची नक्कल, लय दिवस झाले. मी करतो. हसतात. मला माहीत असतं, कडा सरळ आल्यात.

परवा गेलो होतो. बाई अंगणात नव्हत्या. मागे गेलो, खोलीचं दार लोटलेलं, खिडकी उघडी. मामा पाठमोरे बसून तांदूळ निवडत होते. सफारी नव्हता, मळका गंजीफ्रॉक होता. पिस्त्याच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, दोन्ही कार्डं लावली होती. शितांनीच, कडेने बाहेर आलेली शितं दिसत होती. डावीकडे फिरकीवाला, उजवीकडे किपर. पण जोडून नाही. दोघांच्या मधे, कटरने जेवढं गेलं असेल तेवढी, बारीकशी जागा सोडली होती. तिथे भिंत दिसत होती.

मी हाक मारणार होतो. कोणाच्या आवाजात मारावी ते ठरेना, म्हणून क्षणभर थांबलो.

तेवढ्यात गल्लीतून दोन पोरं बॅट घेऊन पळत आली. मला ओलांडून पुढे, दारापाशी. त्यातलं एक ओरडलं, "ओ आचारीऽ, बॉल आला का तुमच्याकडं?"

आचारी वारले, हे त्या पोरांनी पाहिलेलं होतं. रंगवलेली खोली पाहिली होती. खोलीत कोणीतरी म्हातारा राहतो, एवढं त्यांना पुरत होतं.

मामांचा तांदळातला हात थांबला. मी खिडकीबाहेरून बघत होतो. आता म्हणतील, आचारी नाय रं मी. खोटं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं, चहात बुडवलेलंही नाही.

त्यांनी मान वळवली नाही. भिंतीकडेच तोंड होतं.

"ओ," मामा म्हणाले.